अकरा सेकंदांचा थेंब

फिटरने गळती बंद केली तेव्हा दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. दहा वाजून एकवीस मिनिटांनी मागून कुणीतरी किंचाळलं.

तो शिडीवर होता. एकोणतीस वर्षांच्या नोकरीत मागून किंचाळणारी माणसं त्याने पुष्कळ ऐकली होती, आणि त्याचा अर्थ बहुतेक वेळा "खालच्या मजल्यावर पाणी आलं" असाच निघायचा. म्हणून त्याने आधी पाइपकडे पाहिलं. पाइप कोरडा ठणठणीत होता. वळणावरचा नवा एल्बो चकचकत होता.

"काका! काय केलंत तुम्ही हे?"

दारात तिशीची एक बाई उभी होती. काळे कपडे, गळ्यात 'संयोजिका' लिहिलेलं ओळखपत्र, हातात वॉकीटॉकी आणि चेहऱ्यावर घराला आग लागल्याचा भाव.

"गळती बंद केली," फिटर म्हणाला.

"ती गळती नव्हती!"

फिटरने पुन्हा एकदा वर पाहिलं. "मग काय होतं?"

"कलाकृती होती!"

दर दोन वर्षांनी शहरभर आशियातल्या आजच्या कलेचा महोत्सव भरायचा. बंद पडलेल्या इमारती झाडूनपुसून उघडायच्या आणि देशोदेशीचे कलाकार तिथे आपापलं काहीतरी मांडून जायचे. जुन्या चित्रपटगृहात कुणी चाळीस हजार कंगवे टांगले होते, पोहण्याच्या कोरड्या तलावात कुणी पियानो उलटा ठेवला होता. पाणी खात्याला त्यातलं एकच कळायचं. ज्या इमारतींचं पाणी दहा-दहा वर्षं तोडलेलं असतं, तिथे ते अडीच महिन्यांसाठी पुन्हा जोडावं लागतं, आणि इतकी वर्षं सुकलेले पाइप पाणी आलं की माहेरचं माणूस दिसल्यासारखे रडायला लागतात. गेल्या आठवडाभरात फिटरने अशा अठरा गळत्या बंद केल्या होत्या. ही एकोणिसावी. जुनं टपाल कार्यालय, तळमजला, पूर्वीची पार्सलची खोली, आताची खोली क्रमांक तीन.

खोलीत दुसरं काहीच नव्हतं. मधोमध जमिनीवर पितळेची भली मोठी परात, काठोकाठ पाण्याने भरलेली. समोर एक खिडकी. भिंतीवर पाटी: 'वाट पाहणे. पितळ, पाणी, प्रकाश.' आणि कोपऱ्यात खुर्चीवर बसलेला म्हातारा पहारेकरी. फिटर शिडी लावत होता, पाइप सोडवत होता, नवा एल्बो बसवत होता, तेव्हा हा पहारेकरी अवाक्षर न काढता बघत राहिला होता.

"मामा, तुम्ही अडवलं का नाही यांना?" संयोजिका त्याच्यावर घसरली.

"कलाकृतीला हात लावू नये असा मला हुकूम आहे," पहारेकरी म्हणाला. "ते पाइपला हात लावत होते."

फिटरने खिशातून घडी घातलेला कागद काढला. "खोली क्रमांक तीन, छतालगतचा पाइप, गळती बंद करणे, तातडीचे. शिक्का आहे, सही आहे. बघून घ्या."

"हे वरच्या संडासाचं असेल!"

"वरच्या संडासात पाणीच येत नाही, तर गळेल काय?"

"मग कुणाचीतरी चूक झाली असेल! हे वाचा, हे!" तिने भिंतीवर चिकटवलेलं वर्तमानपत्राचं कात्रण बोटाने ठोकलं. फिटर शिडीवरून उतरला, चष्मा लावला आणि वाचू लागला. लिहिलं होतं: 'परातीत दर अकरा सेकंदांनी पडणारा तो एकाकी थेंब हे या महोत्सवाचं हृदय आहे.'

"अकरा सेकंदाला एक," फिटर मनाशी हिशेब करत म्हणाला. "म्हणजे दिवसाला तांब्याभर पाणी वाया."

संयोजिकेने डोळे मिटले, तोंडातल्या तोंडात दहा आकडे मोजले आणि उघडले. ती इथे येऊन चारच दिवस झाले होते. आधीची संयोजिका पाय मोडून इस्पितळात पडली होती, म्हणून हिला दुसऱ्या इमारतीतून ओढून आणलं होतं. चार दिवसांत तिने या इमारतीतल्या सोळा खोल्या पाठ केल्या होत्या, आणि त्यातली सगळ्यात गाजलेली खोली तिच्या डोळ्यांदेखत सुकली होती.

"चार वाजता त्या येताहेत," ती म्हणाली. "ज्यांची कलाकृती आहे त्या. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी सगळं मांडून मायदेशी गेल्या त्या आज पहिल्यांदा येताहेत. महोत्सवाचे अध्यक्ष सोबत आहेत. काका, तुम्ही ती परत सुरू करा."

"काय?"

"गळती."

फिटरने तिच्याकडे पाहिलं. ती थट्टा करत नव्हती. तापातून उठलेल्या माणसाच्या घरच्यांनी डॉक्टरला "तो ताप परत आणून द्या" म्हणावं, तसं त्याला झालं. त्याने सरळ साहेबांना फोन लावला.

"बंद कशाला केलीत?" साहेब ओरडले. त्यांना अध्यक्षांच्या कचेरीतून आधीच फोन गेला होता.

"तुम्हीच चिठ्ठी दिलीत."

"गळती बंद करा म्हणून दिली. ही कला आहे."

"साहेब, पाइपवर तसं लिहिलेलं नव्हतं."

"हे बघा, तुमची दोन वर्षं राहिलीत. कशाला शेवटी शेवटी डाग लावून घेता? होती तशी करा आणि मोकळे व्हा. मी येतोच."

होती तशी करा! गोणीतून फिटरने जुना एल्बो शोधून काढला. गंजून त्याचे आटे अर्धे झिजले होते. तो बसवला, मुख्य नळ उघडला, आणि परातीत थेंब पडायच्या ऐवजी पाण्याची पिचकारी सरळ समोरच्या भिंतीवर गेली. 'एकाकी थेंब' कात्रणासकट भिजला. पहारेकरी खुर्ची उचलून दोन हात मागे सरकला.

"असा नव्हता," तो म्हणाला.

"ते मलाही दिसतंय, मामा."

फिटरने एल्बो आवळला. गळती साफ बंद. पाव वेढा सैल केला. धार. त्याच्या अर्ध्याने आवळला. बंद. गळती थांबवायची कशी हे त्याच्या हाताला झोपेतही ठाऊक होतं. ती हवी तेवढीच ठेवायची कशी, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. मग त्याने सुतळीचा एक पदर आट्यांत गुंडाळून त्याचं टोक खाली सोडलं. दोन मिनिटं काहीच नाही. मग सुतळी ओली झाली, टोकाला पाणी जमलं, फुगलं, लोंबलं आणि पडलं. टप्.

"पडला!" संयोजिका टाळी वाजवून म्हणाली.

"हा जाड आहे," पहारेकरी म्हणाला.

"काय आहे?"

"जाड. आपला बारीक होता. आणि आवाज असा बसलेला नव्हता, जरा मोकळा होता. मी नऊ दिवस ऐकतोय."

फिटरला वाटलं, हातातला पान्हा या म्हाताऱ्याच्या डोक्यात घालावा. पण संयोजिका म्हाताऱ्याकडे अशी बघत होती, जणू तिला एकुलता एक साक्षीदार सापडला. तिने वहीत लिहून घेतलं: बारीक, मोकळा, अकरा सेकंद. "मामा म्हणतील तेव्हाच झालं," तिने जाहीर केलं.

साडेअकराला बायकोचा फोन आला. आदल्या दिवशी तिच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं.

"पाचला पट्टी काढणार आहेत. लक्षात आहे ना? पट्टी निघाली की पहिलं तोंड तुमचं बघायचं ठरलंय."

"आहे लक्षात. एक काम संपवतो आणि येतो."

"कसलं काम?"

"गळती."

"मग त्याला कितीसा वेळ लागतो?"

"बंद करायची नाही. चालू करायचीय."

"अहो," ती हळूच म्हणाली, "ऑपरेशन माझं झालंय ना?"

बाराला साहेब आले. शिडी, परात, भिजलेली भिंत सगळं पाहून ते म्हणाले, "आधी कागद करू." खात्याकडे गळती बंद करण्याचा नमुना होता, सुरू करण्याचा नव्हता. साहेबांनी विचार करून 'नवीन जोडणी'चा फॉर्म काढला. त्यात अर्जदाराचं नाव, घरातल्या माणसांची संख्या आणि पाण्याचा वापर कशासाठी, असे रकाने होते. संयोजिकेने माणसांच्या रकान्यात 'रोज सुमारे सहाशे' लिहिलं. वापराच्या रकान्यापाशी ती थबकली.

"घरगुती की व्यापारी?" साहेबांनी विचारलं.

"आध्यात्मिक," ती म्हणाली.

"तसा रकाना नाही. घरगुती लिहा."

तोवर फिटरने सुतळी काढून शिवणाचा दोरा लावून पाहिला होता. थेंब बारीक झाला. पहारेकऱ्याने मान डोलावली आणि घड्याळ धरलं. "नऊ... दहा... अकरा..." थेंब पडला नाही. "बारा... पंधरा... एकोणीस." टप्. "जाडी बरोबर आहे," तो म्हणाला. "उशीर करतोय."

उशीर का होतोय ते फिटरला कळलं. दुपार झाली की शहराच्या या भागात पाण्याचा दाब कमी होई. सकाळच्या दाबाला अकरा सेकंद देणारी गळती दुपारी एकोणीस देणारच. म्हणजे चार वाजता कलाकार बाईंसमोर सकाळचा थेंब पाडायचा, तर चार वाजता सकाळचा दाब हवा. त्याने पंपघरातल्या मित्राला फोन लावला.

"जुन्या टपालाकडचा व्हॉल्व्ह अर्धा वेढा उघड."

"कशाला?"

"विचारू नकोस."

मित्राने विचारलं नाही आणि व्हॉल्व्ह दोन वेढे उघडला. थेंब चार सेकंदांवर आला. त्याहून वाईट म्हणजे टपाल कार्यालयामागच्या वसाहतीत, जिथे गेली सहा वर्षं दुपारी वरच्या मजल्यांवर पाणी चढलं नव्हतं, तिथे ते दुपारी एकला चढलं. लोकांनी नळ उघडेच ठेवलेले होते, कारण ते बंद ठेवायचं काही कारणच नव्हतं. पहिल्या पंधरा मिनिटांत साहेबांना आभाराचे सात फोन आले. एका आजीबाईंनी तर त्यांना शंभर वर्षं आयुष्य चिंतलं. साहेब फुलून गेले. पुढच्या पंधरा मिनिटांत टाक्या भरून वाहू लागल्या, जिने ओले झाले, आणि त्याच आजीबाईंनी आयुष्य परत घेतलं.

"दाब कमी करा!" साहेब किंचाळले.

"कमी केला तर एकोणीस सेकंद होतात!" संयोजिका किंचाळली.

"तुमचे सेकंद गेले खड्ड्यात! तिकडे लोक जिन्यावरून घसरताहेत!"

"आणि इकडे चारला अध्यक्ष येताहेत!"

अध्यक्ष म्हटल्यावर साहेबांचा आवाज उतरला. फिटर मात्र दोघांच्या मध्ये शिडीवर उभा होता. अंगावर पाणी, हातांना सांध्यात भरायचा सफेदा, एका कानाला पंपघर आणि दुसऱ्या कानात पहारेकऱ्याचे आकडे. त्याच्या नाकी नऊ आले होते. डबा खाली गोणीवर तसाच पडला होता.

"कुणीही ओरडू नका," तो शेवटी म्हणाला, आणि त्याच्या आवाजात असं काहीतरी होतं की दोघंही गप्प झाली. "मला ऐकू द्या."

त्याने पंपघराला व्हॉल्व्ह पूर्वीच्या जागी आणायला सांगितलं. मग दाबाचा नाद सोडून तो नुसत्या आट्यांकडे वळला. दोऱ्याचा एक वेढा कमी. एल्बो केसभर सैल. थांबायचं, ऐकायचं, मोजायचं. चौदा. पुन्हा केसभर. आठ. उलट, त्याच्याही अर्धं. तीन वाजले. कात्रणातला तो लेख लिहिणारा दाढीवाला समीक्षक हृदयाचं दुसऱ्यांदा दर्शन घ्यायला आला, त्याला शेजारच्या खोलीत नेऊन बसवलं. साडेतीन. बारा सेकंद. पहारेकरी खुर्ची सोडून परातीशी उकिडवा बसला होता.

तीन वाजून पन्नास मिनिटांनी थेंब पडला. दोघांनी मोजलं. पुन्हा पडला. पुन्हा मोजलं. तिसऱ्यांदा पडला तेव्हा पहारेकरी उठून उभा राहिला.

"हाच," तो म्हणाला. "मिस्त्री, हाच तो."

संयोजिकेने भिंतीला टेकून एक हुंदका दिला. साहेबांनी फॉर्मवर शिक्का मारला. फिटर खाली उतरला नाही. त्याला थेंब बघायचा होता. पाइपच्या पोटाशी तो आधी नुसता ओलसरपणा असायचा, मग मोहरीएवढा, मग वाटाण्याएवढा, मग जायला तयार नसल्यासारखा लोंबकळायचा आणि सुटायचा. परातीत वर्तुळं उठून काठाला लागायची आणि परत फिरायची. एकोणतीस वर्षांत त्याने हजारो गळत्या बंद केल्या असतील. पण बंद केलेली गळती बघायला कधी कुणी येत नाही. ही बघायला रोज सहाशे माणसं येणार होती.

बरोबर चारला कलाकार बाई आल्या. साठीपुढच्या, ठेंगण्या, टोपी घातलेल्या. मागे अध्यक्ष, बाजूला दुभाषा, आणि शेजारच्या खोलीतून सुटलेला समीक्षक. बाई परातीपुढे उभ्या राहिल्या. थेंब पडला. त्यांनी वर पाहिलं. दुसरा पडला. मग कमरेवर हात ठेवून त्या आपल्या भाषेत बोलू लागल्या त्या बोलतच राहिल्या. मध्ये तीनदा त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं. शेवटी थांबल्या.

सगळ्यांनी दुभाष्याकडे पाहिलं. तो घसा खाकरून म्हणाला, "बाई विचारताहेत, हे अजून गळतंय?"

खोलीत टप् असा आवाज झाला.

"अजून... म्हणजे?" संयोजिकेने विचारलं.

मग दुभाष्याने उरलेलं सांगितलं. बाईंच्या कलाकृतीत थेंब नव्हताच. तिच्यात होतं ते स्थिर पाणी. माणसाने यावं, वाकावं, पाण्यात आपलं तोंड दिसायची वाट पाहावी, इतकंच. उद्घाटनाच्या सकाळी इमारतीचं पाणी जोडलं आणि वरचा पाइप गळायला लागला. बाईंनी तो गावी बसून चित्रफितीत पाहिला आणि तीन पत्रं पाठवली. आधीच्या संयोजिकेने तक्रार पाणी खात्याकडे लावली, आणि ती नव्या संयोजिकेला सांगायची राहून गेली. कारण गळती नेमकी किती आहे ते बघायला ती या खोलीत आली, ती परातीबाहेर सांडलेल्या पाण्यावरून घसरून थेट इस्पितळातच गेली.

संयोजिकेच्या तोंडचं पाणी पळालं. साहेब आपल्या फॉर्मकडे बघत राहिले. समीक्षक पुढे सरसावला. "पण थेंबाशिवाय या कामात उरतं काय?" त्याने विचारलं. दुभाष्याने ते बाईंना सांगितलं. बाईंनी एक छोटं वाक्य उच्चारलं. दुभाषा म्हणाला, "याचं भाषांतर नको."

"काका," संयोजिका अगदी बारीक आवाजात म्हणाली, "बंद करा."

फिटर शिडीवरच होता. खरं तर त्याने आनंदाने उडी मारायला हवी होती. सकाळपासून तो हेच सांगत होता. चिठ्ठी बरोबर, खोली बरोबर, तो बरोबर. पण त्याचा हात पान्ह्याकडे जाईना.

"बाईंना विचारा," तो म्हणाला, "एवढा एक राहू दिला तर चालेल का?"

"काय?" साहेब म्हणाले.

"साडेपाच तास लागलेत, साहेब. अकरा म्हणजे अकरा. एक सेकंद इकडे नाही की तिकडे नाही. असा थेंब पुन्हा मलाही जमायचा नाही."

"माझंही तेच म्हणणं आहे," पहारेकरी म्हणाला.

दुभाष्याने सांगितलं. बाईंनी मान वर करून शिडीवरच्या भिजलेल्या माणसाकडे प्रथमच नीट पाहिलं. त्यांनी उभ्या उभ्या तीन थेंब ऐकले. मग मऊ आवाजात काही बोलल्या.

"त्या म्हणतात, थेंब फार सुंदर आहे," दुभाषा म्हणाला. "पण दुसऱ्या कुणाच्या परातीत पाडा."

फिटरने मान हलवली. पान्हा लावला आणि पाव वेढा फिरवला. चार सेकंदांचं काम. शेवटची वर्तुळं काठाला लागून विरली. पाणी थांबलं. सगळे वाकून बघू लागले. पाण्यात खिडकी होती, अध्यक्ष होते, साहेब होते, आणि अगदी वर, शिडीच्या टोकाला, स्वतः फिटर होता.

"अकरा झाले," पहारेकरी घड्याळ बघत म्हणाला. "काही झालं नाही."

पाचला दोन मिनिटं कमी असताना फिटर इस्पितळात पोचला. पट्टी निघाली. बायकोने पापण्या मिचकावल्या आणि त्याच्याकडे निरखून पाहिलं. ओले कपडे, केसांत सफेदा, गालावर गंज.

"हे असे दिसता होय तुम्ही!" ती म्हणाली. "बरं झालं बाई, इतकी वर्षं अंधुक होतं ते."

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलीच तक्रार एका साध्या घरातली होती. दुसरा मजला, मोरीतला नळ. घरधनीण पदर खोचून त्याच्या डोक्यावर उभी होती. "आठ दिवस झाले सांगून, आता उगवलात. बघा कसा गळतोय. डोकं उठलंय नुसतं."

फिटरने गोणी खाली ठेवली, पण पान्हा काढला नाही. तो मोरीच्या उंबऱ्यावर बसला, मान जराशी कलती केली आणि ऐकू लागला. टप्. तो ओठ हलवत मोजू लागला. टप्.

"अहो, काय करताय?"

"सात," फिटर म्हणाला. "थोडा घाईचा आहे. पण आवाज मोकळा आहे हो, बाई." त्याने चष्मा पुसला आणि तिच्याकडे अगदी मनापासून पाहिलं. "नक्की बंदच करायचा ना?"

बाई दोन पावलं मागे सरकली आणि आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडली, "अहो, जरा बाहेर या बघू! पाणी खात्यानं कुणाला पाठवलंय हे!"